सुतळीची पुडी

"खा बे आचारी, हात न्हाय लावला मी."

तिपव्वा रोज हेच म्हणायची. वर्तमानपत्रात बांधलेली पुडी, पुडीला सुतळी, आणि ती सुतळी दोन बोटांच्या चिमटीत धरून म्हातारी पुलाखाली यायची. पुडी माझ्यापासून हातभर लांब ठेवायची, मग मागं सरकून खांबाला पाठ टेकायची. मी खाईपर्यंत तिची टकळी चालूच.

"हात लावलास तर काय मी मरणार आहे का?" मी म्हणायचो.

"तू जंगमाचा, गुरूच्या घरातला. मला पाप लागंल."

"पुलाखाली कसला जंगम आणि कसलं पाप!"

"तुझं तू बघ. मला वर जायचं हाय, थितं उत्तर द्यावं लागतंय."

मी वरवर हसायचो. पण खोटं कशाला बोलू, तिनं पुडीला हात लावला नाही याचं मला बरं वाटायचं. अंगावर कपडे कुजलेले, गळ्यातल्या लिंगाचा दोरा मळून काळा झालेला, पायातून पू वाहतोय, तरी आतला पीळ काही जळला नव्हता. आमच्या घरात एकच शिकवण होती, उष्टं खायचं नाही. आईच्या ताटातलं तेवढं चालतं, बाकी कुणाचं नाही. वडील आचारी, मीही आचारी. पाचशे पानांच्या लग्नाचा स्वयंपाक करायचा, पण भाजीचा थेंब जिभेला लावून बघायचा नाही. चाखलं की कढई उष्टी झाली, असं वडील मानायचे. मीठ कमी पडलं की जास्त झालं, ते आम्ही वासावर सांगायचो. लोक तोंडात बोट घालायचे.

तर असा मी आचारी, शिवपुत्र नावाचा, सोलापूरच्या स्टेशनजवळच्या पुलाखाली येऊन पडलो होतो. कारण सरळ आहे. अक्कलकोटकडनं लग्न उरकून येताना टेम्पो उलटला, एक मोठं पातेलं माझ्या पायावर आलं. मोठ्या दवाखान्यात नेलं. प्लास्टर झालं, आतून पायाला कीड लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर गुडघ्याखाली कापावा लागेल. एका पायावर उभा राहून आचारी काय ढवळणार? सकाळी चहाला जातो म्हणून काठी घेऊन निघालो तो पुलाखाली येऊन पडलो. तिथून पुढं पाय उचलेना. घरचं म्हणावं असं मागं कुणी उरलं नव्हतं.

तिपव्वा तिथलीच. जन्मभर विड्या वळून बोटं वाकडी झालेली, तोंडात चार दात, आणि जिभेला हाड नाही. तिनं पहिल्यांदा माझी जात विचारली, मग विचारलं, "जेवलास का?" मी नाही म्हणालो. ती गेली आणि पुडी घेऊन आली, सुतळीला धरून.

त्याच दिवशी मी तिला शपथ घातली. "मी इथं आहे हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर ते मला उचलून नेतील आणि पाय कापतील."

"न्हाय सांगत."

"शपथ घे."

तिनं गळ्याला चिमटा घेतला. "गळ्याची शपथ. झालं?"

पुडी यायची ती मल्लिनाथअण्णांच्या जीपमधून. अण्णा म्हणजे कापडाचे जुने व्यापारी, आमच्यासारखेच लिंगायत. दुकान मुलांवर सोपवलं होतं आणि अन्नसेवा मंडळ काढून गावातल्या बेघरांना दोन वेळचं पुरवत होते. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, देताना हात जोडायचे. तिपव्वा त्यांच्याकडं दोन पुड्या मागायची. एक तिची, एक माझी. "दुसरी कुणाला गं आजी?" असं विचारलं की म्हणायची, "माझं पोट दुमजली हाय."

खाताना मी नावं ठेवायचो. आमटीला फोडणी करपलीय, भात मोकळा नाही, असलं काहीबाही. ती ऐकून वैतागायची. "गप खा की बे! मोठा आला राजवाड्याचा आचारी. तुझ्या हातचं काय असतंय एवढं?"

"माझी पुरणपोळी खाल्लीस तर कळेल. अशी मऊ, की तुझ्या चार दातांचंही काम नाही."

"एकदा खाऊ घाल मग."

"पाय बरा होऊ दे."

"जन्मात एकदा खाल्ली पुरणपोळी. मालकिणीच्या घरी. ती बी तिसऱ्या दिवसाची." असं म्हणून ती हसायची.

मग चैत्र आला. सोलापूरचा चैत्र म्हणजे डोक्यावर तवा. अण्णांच्या जीपमधून एक दिवस कढी-भात वाटला. लोकांनी अर्धा खाल्ला, अर्धा उद्याला बांधून ठेवला. ज्याला उद्याची खात्री नाही तो ठेवणारच. दुसऱ्या दिवशी तो आंबलेला भात खाऊन कितीतरी जण ओकायला लागले, आणि स्टेशनच्या पायऱ्यांवर बसणारा एक म्हातारा मेला. सरकारी माणसं आली, डबे तपासले, जीप बंद झाली.

पुन्हा सुरू झालं ते नव्या नियमानं. चहाची हातगाडी लावणाऱ्या जिलानीनं मला सगळं सांगितलं. मालधक्क्याच्या मागं पत्र्याची शेड घेतली आहे. नळ आहे, हात धुवायचे, बसायचं, गरम खायचं, उठायचं. शिजवलेलं काहीही बाहेर न्यायचं नाही. दारात तसा फलक लावला आहे आणि फलकाखाली अण्णा स्वतः उभे राहतात.

मी आचारी माणूस. नियम चुकीचा होता असं मी तेव्हाही म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. कढी-भात उन्हात किती तास टिकतो हे मला सांगायला सरकार नको. पण शेड लोहमार्गाच्या पलीकडं होती आणि मला खांबापासून गटारीपर्यंत सरकायलाही धाप लागत होती.

पहिल्या दिवशी तिपव्वानं पदरात भाकरी लपवली. दारात अण्णांना पदर फुगलेला दिसला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या पायाला हात लावला.

"आजी, पाया पडतो, नेऊ नको. परत कुणी मेलं तर हे कायमचं बंद होईल. शंभर माणसं उपाशी राहतील. तुला लागेल तेवढं इथं खा, मी नाही म्हणणार नाही. पण दारातून बाहेर नको. परत सापडलीस तर मला तुला आत घेता येणार नाही."

"शिळ्या भाकरीनं कोण मरतंय?" ती म्हणाली.

"आज भाकरी, उद्या भात. कुणाकुणाचा पदर बघू मी? कुणासाठी नेतेस, सांग. त्याला इथं घेऊन ये."

तिनं सांगितलं नाही. शपथ होती ना. भाकरी अण्णांनी काढून घेतली.

हे तिनं मला येऊन सांगितलं आणि खांबाला टेकून रडली. मी तिच्यावरच चिडलो. "हळू लपवता येत नाही? एवढं वय झालं, चोरी करायची अक्कल आली नाही!" भुकेला माणूस काय वाटेल ते बोलतो.

दोन दिवस काही आलं नाही. जिलानी चहा द्यायचा, कधी खारी द्यायचा. त्याचाच धंदा बुडत होता, तो तरी किती देणार? ताप चढला. डोळे मिटले की पंगत दिसायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिपव्वा आली. एरवी लांबूनच तिची बडबड ऐकू यायची, त्या दिवशी गुपचूप आली. हात रिकामे. चिमटीत सुतळी नाही. माझ्यासमोर बसली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"आणलंस काही?"

ती गप्प.

"मिठाची गुळणी धरलीस का? बोल की!"

तिनं बाजूला पडलेलं पळसाचं पान उचललं, पदरानं पुसलं, माझ्यासमोर ठेवलं. मग वाकली आणि तोंडातला घास त्या पानावर ठेवला. भाकरी होती, आमटीत भिजवलेली. दोन्ही गालांतून बोटानं काढून ठेवली.

"शी!" मी ओरडलो. "शी, शी! हे काय करायलीस?"

"चावलं न्हाय मी." तिला धाप लागली होती. "आईशपथ चावलं न्हाय. नुसतं धरलं. थुंकी बी गिळली न्हाय, नाकानं श्वास घेत आले."

"उचल ते. मेलो तरी खाणार नाही."

"मग मर."

असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. माशी आली, तिनं हातानं हाकलली. माझ्याकडं मात्र बघेना. मला वाटलं होतं, ती गयावया करेल, हात जोडेल. तिनं तसलं काही केलं नाही. थोड्या वेळानं खांबाशीच बोलल्यागत म्हणाली, "मला बी लाज वाटती की रे. जंगमाला तोंडातलं द्यायचं. वर गेल्यावर काय उत्तर देऊ? पण पदर बघतेत, झोळी बघतेत. तोंड कोण बघत न्हाय."

मी पानाकडं बघितलं. आमटीला लसणाची फोडणी होती. वासावर कळत होतं.

मी खाल्लं.

खाताना रडलो की नाही ते आठवत नाही. एवढं आठवतं, की मीठ बरोबर होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मी जिभेनं ओळखलं. तिपव्वानं पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता, मी खाताना दिसू नये म्हणून.

मग रोज तसंच चाललं, दोन्ही वेळा. एका घासावर माणूस जगत नाही, पण मरतही नाही. ती यायची, पानावर ठेवायची, नळावर जाऊन चूळ भरायची आणि मग तिची टकळी सुरू. येताना मात्र पत्र्याच्या दारापासून माझ्या खांबापर्यंत तोंड गच्च मिटलेलं. अण्णा तिला दारात हाक मारायचे, "झालं का जेवण आजी?" ती नुसती मान हलवायची. अण्णांना वाटलं, भाकरी काढून घेतली म्हणून म्हातारीनं अबोला धरला. त्यांना ते फार लागलं होतं, असं जिलानी म्हणाला.

"सांगू का त्यांना?" ती एकदा मला म्हणाली. "माणूस वाईट न्हाय."

"शपथ मोडतेस?"

"तुझा पाय वास मारायला लागलाय बे."

"मारू दे. माझा पाय आहे."

तिनं पदराच्या टोकानं पायावरच्या माशा हाकलल्या.

बसवजयंती आली. सकाळपासून गावात ढोल वाजत होते. जिलानीनं बातमी आणली की शेडमध्ये आज पुरणपोळी आहे, कुणा दात्यानं दिलीय. तिपव्वा उठली, केसांना पाणी लावलं, पदर नीट घेतला.

"आज तुला नाव ठेवायला गावंल," ती म्हणाली. "पुरण शिजलंय का, पोळी मऊ हाय का, समदं सांग मला."

"तू पोटभर खा आधी. जन्मात दुसऱ्यांदा."

"खाते की. पण तुला आणल्याबिगर गोड लागंल व्हय?"

ती गेली. ऊन डोक्यावर आलं, मग खाली उतरायला लागलं. मी पळसाचं पान पुसून ठेवलं होतं.

जिलानी धावत आला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

"आचारी, म्हातारी पडली रे. शेडच्या दारात."

"पडली म्हणजे?"

त्यानं खाली बघितलं. मी त्याला म्हणालो, मला ने. त्यानं स्टोव्ह, किटली, कप सगळं रस्त्यावर उतरवलं आणि मला हातगाडीवर घातलं. फाटकातून गाडी नेताना रुळांवर दणके बसत होते आणि माझ्या पायातून जीव जात होता. मी ओरडत होतो, तो ढकलत होता.

दारात गर्दी होती. फलकाखाली ती आडवी होती आणि तिच्यावर अण्णांचं उपरणं घातलेलं होतं. वाकडी बोटं तेवढी बाहेर दिसत होती. शेजारी विटांच्या ढिगावर एक तरुण बाई बसली होती. अन्न तपासणीला आलेली सरकारी अधिकारी. ती समोरच्या हवालदाराला सांगत होती आणि तेच तेच सांगत होती.

"मी फक्त विचारलं हो, आजी, जेवण कसं होतं? त्या बोलल्या नाहीत. मला वाटलं, सरकारी बाई म्हणून घाबरल्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, घाबरू नका, एक शब्द तरी सांगा, गोड होतं ना? अण्णाही म्हणाले, बोल की आजी, आज सणाचा तरी राग सोड. मग त्यांनी एकदम गिळायला बघितलं. आणि... मी पाठीवर मारलं, घशात बोट घातलं. पोळी निघाली. पण तोवर..."

गर्दीतला कुणीतरी म्हणाला, "गोड बघितलं की हावरट होतंय माणूस. तोंडात मावंना एवढं कोंबलं."

"पोटभर जेवून गेली बिचारी," दुसरा म्हणाला. "असं मरण मिळत नाही."

मी गाडीवरून खाली उतरलो. उतरलो म्हणजे पडलोच. सरकत सरकत तिच्यापाशी गेलो. तिच्या डोक्याशी कागदावर ती पोळी काढून ठेवली होती, हवालदाराला दाखवायला. मी आचारी आहे, पोळी बघितल्यावर मला कळतं. चौपदरी घडी घातलेली होती, नीट, कडेला कड लावून. कुठंही दात लागलेला नव्हता.

हवालदार लिहीत होता. "बेवारस स्त्री, वय अंदाजे सत्तर. घाईने जेवताना..."

"ती जेवत नव्हती," मी म्हणालो.

"तू कोण?"

"ती पोळी माझी आहे. माझ्यासाठी आणत होती. पदरात नेता येत नाही, म्हणून तोंडात धरून आणत होती. रोज. दोन्ही वेळा."

कुणाला काही कळेना. मग अण्णांना कळलं. ते मटकन खाली बसले, त्या धुळीतच. "अबोला," एवढंच ते म्हणाले. "मला वाटलं, अबोला धरलाय."

"कुणी नातेवाईक नसेल तर महापालिकेची गाडी बोलावतो," हवालदार म्हणाला. त्याला पुढची कामं होती.

"नातेवाईक आहे," मी म्हणालो. "मी मुलगा तिचा."

अण्णांनी माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं बघितलं. अडखळत म्हणाले, "अरे, पण तू लिंगायत. आणि ही..." पुढचं त्यांनी गिळलं.

"हो. जंगम आहे."

"मग मुलगा कसा?" हवालदार म्हणाला. "पुरावा काय तुझ्याकडं?"

माझ्याकडं काय असणार? अंगावरचे कपडे आणि सडका पाय. मी हात लांब केला आणि कागदावरची पोळी उचलली. हवालदार ओरडला, "ए, पंचनाम्याची आहे ती!" त्या अधिकारी बाई उठल्या. "अहो नका, ते खाऊ नका, ते त्यांच्या घशातलं..." आणि तिथंच थांबल्या. त्यांचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

मी पोळी खाल्ली. सगळ्या गावासमोर, घडी न मोडता, एक एक घास चावून. पुरण नीट शिजलं होतं. वेलदोडा कमी होता. पोळी मऊ होती, चार दातांचंही काम नव्हतं. तिला हे सगळं सांगायचं होतं.

"आईचं उष्टं चालतं आमच्यात," मी हवालदाराला म्हणालो. "दुसऱ्या कुणाचं खात नाही. अण्णांना विचारा."

अण्णा तोंड झाकून रडत होते. त्यांनी मान हलवली.

हवालदारानं आधी लिहिलेल्या एका शब्दावर रेघ मारली. "नाव सांग आईचं."

"तिपव्वा."

"आडनाव?"

ते मला माहीत नव्हतं. मी माझं लिहायला सांगितलं.

अण्णांनी खांदा दिला, जिलानीनं दिला, मी हातगाडीवर बसून मागोमाग गेलो. तिथून मला सरळ दवाखान्यात नेलं आणि पाय कापला. आता मी अण्णांच्या शेडमध्ये उंच स्टुलावर बसून ढवळतो. अण्णा गेले, फलक अजून आहे. त्या तपासणीवाल्या बाईंनी वर भांडून उठता न येणाऱ्यांसाठी बंद डब्यातून गरम जेवण पोचवायची परवानगी आणली आहे. डबा समोर बसून खाऊ घालायचा आणि रिकामा परत आणायचा. मी सगळे नियम पाळतो आणि इतरांना पाळायला लावतो.

फक्त दारातून कुणी तोंड मिटून, मान खाली घालून निघालं, तर त्याला जेवण कसं होतं ते विचारायचं नाही, असं मी वाढणाऱ्या पोरांना सांगून ठेवलंय. त्याला जाऊ द्यायचं. आणि डबा घेऊन त्याच्या मागं जायचं.